तोंडी हुकूम, लेखी उत्तर



२५ जून १९७५ च्या रात्री दिल्लीत बहादूरशहा जफर मार्गावरच्या वर्तमानपत्रांच्या छापखान्यांची वीज गेली. आणीबाणीची बातमी सकाळच्या अंकांत येऊ नये म्हणून ती घालवली गेली, हे आज सगळ्यांना ठाऊक आहे. पुढे जनता सरकारच्या काळात शहा आयोग चौकशीला बसला, तेव्हा आयोगाने साधाच प्रश्न विचारला. वीज तोडायचा हुकूम कुठे आहे? हुकूम नव्हताच. नायब राज्यपालांनी वीजपुरवठ्याच्या प्रमुखांना तोंडी सांगितलं होतं. कुठल्या कलमाखाली, कोणत्या कारणासाठी, किती वेळ, याचा फाइलीत पत्ता नव्हता. देशातली इतकी मोठी घटना, आणि तिची सुरुवात सही नसलेल्या एका वाक्याने झाली.

मी तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या कोर्टात वकिली करत म्हातारा झालेला माणूस आहे. घटनेचा अभ्यासक म्हणवून घेण्याची माझी पात्रता नाही. पण फौजदारी बाजूला आयुष्य गेल्यामुळे एक गोष्ट डोळ्यांत भरत गेली, तेवढीच आज मांडणार आहे. मनमानीला बोलणं आवडतं, लिहिणं आवडत नाही. ‘साहेबांनी बोलावलंय’, ‘वरून आदेश आहे’, ‘सध्या बंद आहे’, ‘अर्ज घेता येणार नाही’, ही सगळी वाक्यं हवेत विरून जाणारी असतात. म्हणून घटनेने दिलेल्या अधिकारांचं रक्षण करायचं तर नागरिकाने पहिलं काम कोणतं करावं, याचं माझं उत्तर फार रुक्ष आहे. समोरच्याला लिहायला लावावं, आणि आपणही लिहून द्यावं.

ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत, त्यांची ओळख या गावाला मी करून देणं बरं दिसणार नाही. शाळा सुटल्यावर ते लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. प्रत्येक अर्जाची दुसरी प्रत करायचे आणि तिच्यावर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय कचेरीतून हलायचे नाहीत. ‘पोच घेतली का?’ हा त्यांचा ठरलेला प्रश्न. आम्हा तरुण वकिलांना तेव्हा त्याचं हसू यायचं.

आणीबाणीकडेच परत जातो, कारण लिहून घेतलं की काय घडतं आणि काय घडत नाही, हे दोन्ही त्या एकवीस महिन्यांत दिसलं.

मुंबईहून ‘फ्रीडम फर्स्ट’ नावाचं एक छोटं इंग्रजी मासिक निघायचं. मिनू मसानी त्याचे संपादक. वाचक मोजके. सेन्सॉरशिप लागू झाली तेव्हा देशभरातल्या संपादकांना सूचना बहुतेक फोनवर यायच्या. हे छापू नका, ते आतल्या पानावर घ्या. अनेकांनी त्या निमूट पाळल्या. मसानींनी ऑगस्ट १९७५ च्या अंकाचा मजकूर रीतसर सेन्सॉरकडे पाठवला. त्यातला बराच भाग नाकारला गेला. तो गाळून उरलेला अंक काढणं सोपं होतं. मसानी त्या नकाराला आव्हान द्यायला मुंबई उच्च न्यायालयात गेले. सोली सोराबजींनी त्यांची बाजू मांडली. एकसदस्यीय पीठाने मसानींच्या बाजूने निकाल दिला, सेन्सॉर बिनोद राव अपिलात गेले आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये न्या. डी. पी. मदन आणि न्या. एम. एच. कनिया यांच्या खंडपीठाने ते अपील जवळजवळ सगळंच फेटाळलं.

तो निकाल आजही वाचावा असा आहे. आणीबाणी आहे, मूलभूत हक्क स्थगित आहेत, हे गृहीत धरूनच न्यायमूर्ती एकेक उतारा हातात घेतात आणि विचारतात, की सेन्सॉरला ज्या नियमाखाली अधिकार मिळाला, त्या नियमात हा उतारा बसतो का? सरकारवर टीका आहे एवढ्याने तो देशाच्या सुरक्षेला घातक ठरतो का? साऱ्या पत्रांना एकाच सुरात गायला लावणं हे सेन्सॉरचं काम नव्हे, असा त्याचा आशय आहे. ही तपासणी शक्य झाली, कारण तपासायला समोर काहीतरी होतं. कोणता मजकूर नाकारला आणि कोणत्या नियमाखाली, हे कागदावर होतं. फोनवरच्या सूचनेची अशी उलटतपासणी घेता येत नाही.

त्याच सुमाराला मुंबईच्या वकिलांनी ऑक्टोबर १९७५ मध्ये जीना हॉलमध्ये एक सभा ठरवली होती. विषय होता घटनेतलं नागरी स्वातंत्र्य आणि कायद्याचं राज्य. मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला आणि माजी सरन्यायाधीश जे. सी. शहा त्यात येणार होते. पुढे आयोग ज्यांच्या नावाने ओळखला गेला, तेच हे शहा. पोलीस आयुक्तांनी परवानगी नाकारली. वकिलांनी तो नकार घेऊन उच्च न्यायालय गाठलं आणि न्यायालयाने आयुक्तांचा हुकूम रद्द केला. सभागृहात बसून वकिलांनी कायद्यावर बोलायचं नाही, तर मग बोलायचं कोणी? त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवत अध्यक्षपदावरून लेखनस्वातंत्र्यावर बोलल्या आणि नंतर तुरुंगात गेल्या. मराठी माणसाला दुर्गाबाई आठवतात, आठवायलाच हव्यात. जीना हॉलचा खटला मात्र आमच्या वकील मंडळींनाही माहीत नसतो.

आता दुसरी बाजू. मिसा या अंतर्गत सुरक्षेच्या कायद्याखाली खटल्याविना स्थानबद्ध केलेल्यांनी सुटकेसाठी देशभर हेबियस कॉर्पसचे अर्ज केले. नऊ उच्च न्यायालयांनी, त्यात आपल्या मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठही होतं, या अर्जांची दखल घेता येते असं म्हटलं. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे न्या. एच. आर. खन्ना यांनी ॲटर्नी जनरल नीरेन डे यांना विचारलं, की एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरातून माणूस मारला, तरी आणीबाणीत न्यायालयाकडे दाद मागता येणार नाही का? माझा युक्तिवाद मान्य केला तर नाही, असं उत्तर आलं. २८ एप्रिल १९७६ ला चार विरुद्ध एक मतांनी हाच युक्तिवाद मान्य झाला. चौघांत न्या. यशवंत विष्णू चंद्रचूड होते, पुण्याचे. एकटे खन्ना विरोधात होते. पुढच्या वर्षी सरन्यायाधीशपदासाठी त्यांना डावललं गेलं आणि त्यांनी राजीनामा दिला. मिसाचे सगळे अर्ज लेखी होते, शपथपत्रांसह होते, मुद्देसूद होते. ते वाचणाऱ्यांनीच डोळे मिटून घेतले. कागदाच्या ताकदीबद्दल बोलताना हे विसरलं तर ती फसवणूक होईल.

तरीही एवढं सांगितलं पाहिजे. खन्नांचं मतही लेखीच होतं. १९७८ मध्ये ४४ व्या घटनादुरुस्तीने ठरलं, की अनुच्छेद २० आणि २१ आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत. आणि २०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७६ चा निकाल मोडीत काढला. ते मोडीत काढणारं निकालपत्र धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलं, यशवंतरावांच्या मुलाने. मधे एकेचाळीस वर्षं गेली.

व्ही. एम. तारकुंडे १९७६ च्या त्या खटल्यात स्थानबद्धांच्या बाजूने उभे राहिलेल्या वकिलांपैकी एक. मूळचे सासवडचे. मुंबई उच्च न्यायालयाचं न्यायमूर्तिपद सोडून वकिलीत परतलेले. जयप्रकाश नारायणांबरोबर नागरी स्वातंत्र्याच्या चळवळीची संघटना उभी करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. तारकुंड्यांची आठवण महाराष्ट्र फार कमी काढतो, ही माझी जुनी तक्रार आहे.

आता थोडं मागे, घटना समितीत. ‘कायद्याने प्रस्थापित केलेल्या कार्यपद्धतीखेरीज’ कोणाचंही जीवित किंवा स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही, अशी आपल्या घटनेची भाषा आहे. अमेरिकेच्या धर्तीवर, कार्यपद्धत न्याय्य आहे की नाही हे न्यायालयांना तपासता येईल अशी शब्दयोजना आधीच्या मसुद्यात होती. ती गाळली गेली आणि बऱ्याच सभासदांना ते रुचलं नाही. सरकारने कायदा करायचा आणि त्या कायद्याने कोणालाही आत टाकायचं, इतकं ते सोपं झालं होतं. १५ सप्टेंबर १९४९ ला डॉ. आंबेडकरांनी एक नवा अनुच्छेद मांडला. आधीच्या निर्णयाने जे गेलं त्याची काही भरपाई म्हणून आपण हे आणत आहोत, असं त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. तोच आजचा अनुच्छेद २२. अटक झालेल्याला कारण सांगायचं, त्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ द्यायचा, आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं. या गोष्टी फौजदारी प्रक्रिया संहितेत होत्याच. मग घटनेत कशाला? बाबासाहेबांचं उत्तर असं, की संहिता विधिमंडळ बदलू शकतं. घटनेत घातलं की विधिमंडळाचे हात बांधले जातात. याच अनुच्छेदाच्या पुढच्या खंडांत प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेला वाट ठेवलेली आहे, आणि त्याबद्दल त्यांना सभागृहात बरंच ऐकून घ्यावं लागलं. ते ऐकवणं योग्यच होतं.

तर हे चोवीस तास. घटनेतली मोठमोठी तत्त्वं गावातल्या माणसाला भेटतात ती इथे, ठाणे अंमलदाराच्या टेबलाशी.

अटक सहसा अटक म्हणून सुरू होत नाही. फोन येतो. ‘ठाण्यातून बोलतोय, उद्या अकराला येऊन जा.’ मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा एक मुलगा असाच माझ्याकडे आला होता. मी म्हटलं, विचार त्यांना, नोटीस देता का म्हणून. त्याने तिथेच फोन लावून विचारलं. पलीकडून उत्तर आलं, ‘लई कायदा शिकलास काय?’ वास्तविक कायदा तोच आहे. साक्षीदाराला जबाबासाठी बोलवायचं तर तपास अधिकाऱ्याने लेखी आदेशाने बोलवावं, असं संहितेत ब्रिटिश काळापासून लिहिलेलं आहे, आणि १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ते कलम १७९ मध्ये कायम आहे. बायकांना, पंधरा वर्षांखालच्या आणि साठीवरच्या माणसांना तर ठाण्यात बोलवायचंच नाही, त्यांच्या घरी जाऊन विचारायचं. आरोपी म्हणून बोलवायचं असेल तर कलम ३५ ची नोटीस असते. त्या मुलाला मी सांगितलं, जा, टाळू नकोस, पण एकटा जाऊ नकोस. ‘आपल्या फोनवरून अमुक तारखेला हजर झालो’ एवढं दोन ओळींत लिहून ने आणि त्याची पोच माग. पोच दिली नाही तर तोच मजकूर पोलीस अधीक्षकांच्या ईमेलवर टाक. तो गेला, पोच मिळाली नाही, ईमेल केला. तासाभराने त्याला घरी सोडलं. ईमेलमुळे सोडलं असं मी म्हणणार नाही. कदाचित सोडणारच असतील.

पूर्वी हे काम तार करायची. कोणाला उचलून नेलं की घरचे लोक पोस्टात धावायचे आणि मॅजिस्ट्रेटला तार ठोकायचे, ‘माझ्या भावाला आज दुपारी पोलिसांनी घरातून नेले, जिवाला धोका.’ तारेवर पोस्टाची तारीख-वेळ असायची, आणि तिच्याशी भांडता येत नसे. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली तेव्हा वर्तमानपत्रांत जन्ममृत्यूच्या तारांच्या गोड-कडू आठवणी छापून आल्या. आम्हा फौजदारी वकिलांचं त्या दिवशी एक हत्यार गेलं, हे कोणी लिहिलं नाही.

वेळ इतकी महत्त्वाची का? तर पोलिसी भाषेत अटक ‘दाखवली’ जाते. माणूस सकाळी आणला, अटक रात्री दाखवली. मधला वेळ कोणाच्याच खात्यावर नाही, आणि मारहाण होते ती बहुधा त्याच वेळात. पश्चिम बंगालमधल्या विधी साहाय्य संस्थेचे कार्याध्यक्ष डी. के. बसू यांनी ऑगस्ट १९८६ मध्ये कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्यांची कात्रणं जोडून सरन्यायाधीशांना एक पत्र लिहिलं. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं. दहा वर्षांनी, १८ डिसेंबर १९९६ ला निकाल आला. त्यात पोलिसांसाठी अकरा गोष्टी घालून दिल्या. सगळ्या सांगत नाही, पण अटकेच्या पंचनाम्याचं बघा. अटक करतानाच तो करायचा, त्यावर वेळ आणि तारीख घालायची, घरच्या एकाची किंवा वस्तीतल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही घ्यायची आणि अटक झालेल्याचीही. अंगावर जखमा असतील तर मागणी केल्यावर त्याही लिहायच्या. दर अठ्ठेचाळीस तासांनी डॉक्टरी तपासणी. यातलं बरंचसं पुढे संहितेत आलं.

यावर तरुण वकील मला नेहमी म्हणतात, काका, पंचनामा खोटा लिहितात की. लिहितात. पण तोंडी खोटं एकदाच बोलावं लागतं आणि लेखी खोटं प्रत्येक रजिस्टरात जुळवत बसावं लागतं. माझ्या एका प्रकरणात अटक सायंकाळी सहाची दाखवली होती. पंचनाम्यावर पंचांच्या सह्या होत्या, स्टेशन डायरीत नोंद होती, सगळं नीटनेटकं. सरकारी दवाखान्यातल्या केस पेपरवर मात्र डॉक्टरांनी ‘पोलिसांसोबत आणले’ असं लिहून वेळ टाकली होती दुपारी दोनची. अटक व्हायच्या चार तास आधी माणूस पोलिसांसोबत दवाखान्यात कसा पोहोचला? रिमांडच्या वेळी मॅजिस्ट्रेटनी तो पेपर दोनदा वाचला आणि चष्म्यावरून तपास अधिकाऱ्याकडे पाहिलं. त्या डॉक्टरांना मी कधी भेटलो नाही. त्यांनी फक्त खरी वेळ टाकली होती, आणि त्या दिवशी अनुच्छेद २२ त्यांच्यामुळे जिवंत राहिला.

अटकेची कारणं लेखी द्यायला हवीत का, हा वाद अगदी अलीकडेपर्यंत चालू होता. आधी मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखालच्या आणि मग यूएपीए या बेकायदा कृत्यांविरुद्धच्या कायद्याखालच्या अटकांना सर्वोच्च न्यायालयाने ते बंधनकारक केलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये, मुंबईतल्याच एका अपघाताच्या प्रकरणातून, तो नियम सगळ्या गुन्ह्यांना लागू झाला. कारणं लेखी, आणि अटक झालेल्याला समजेल त्या भाषेत. लगेच शक्य नसेल तर तोंडी सांगा, पण रिमांडसाठी उभं करण्याच्या किमान दोन तास आधी कागद त्याच्या हातात पडला पाहिजे. घटना लागू झाल्यापासून एवढं स्पष्ट व्हायला पाऊण शतक लागलं.

भाषेवरून आठवलं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगात पंधरा स्त्री-कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांतल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायालयाने निर्मला निकेतनच्या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना तुरुंगात पाठवून शहानिशा करून घेतली आणि १९८३ मध्ये निकाल दिला. लिहिणारे होते न्या. भगवती, १९७६ च्या त्या चौघांपैकी एक. माणसं बदलतात, किंवा निदान प्रायश्चित्त घेतात. स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या आणि महिला शिपाई, अटकेची खबर ताबडतोब विधी साहाय्य समितीला आणि नातेवाइकांना, मॅजिस्ट्रेटने आरोपीला मारहाणीबद्दल स्वतःहून विचारणं, असे आदेश त्यात आहेत. आणखी एक आदेश थेट आपल्या सरकारला आहे. अटक झालेल्या माणसाच्या हक्कांचं पत्रक महाराष्ट्र शासनाने मराठी, हिंदी आणि इंग्रजीत छापावं, प्रत्येक पोलीस कोठडीच्या प्रत्येक खोलीत ते चिकटवावं आणि माणसाला ठाण्यात आणल्याबरोबर त्याला कळेल त्या भाषेत वाचून दाखवावं.

मी कोठड्या पुष्कळ पाहिल्या आहेत. भिंतीवर नावं कोरलेली असतात, बदामाची चित्रं असतात, पानाच्या पिचकाऱ्या असतात. पत्रक मी पाहिलेलं नाही. कुठे असेल तर मला दाखवा, मी आनंदाने येईन.

आता या सगळ्या म्हणण्यातली एक मोठी भेग. लिहून मागायला धीर लागतो, आणि धीर सगळ्यांना सारखा वाटून मिळालेला नाही. गावात चोरी झाली की पहिली गाडी अजूनही पारध्यांच्या पालांवर जाते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरूनच माणसं गुन्हेगार ठरवली. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण ठाण्यांच्या डोक्यातून गेला नाही. तुरुंगांच्या नियमपुस्तकांतून जातीवरचा भेदभाव काढून टाका, असं सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगावं लागलं, यावरून काय ते समजा. पालावरची बाई ठाण्याच्या दारात उभी राहून ‘कलम ३५ ची नोटीस द्या’ म्हणेल, ही अपेक्षा क्रूर आहे. तिच्यासाठी तो कागद मागायला तुम्ही-आम्ही जायला हवं. ज्याला मार पडण्याची शक्यता कमी त्याने पुढे व्हावं, इतका साधा हिशेब आहे. गुरुजी पारध्यांचे अर्ज लिहायचे तेव्हा गावात कुजबुज व्हायचीच.

आणि ज्याने धीर केला त्याची परतफेडही होते. तडीपारीचं हत्यार आपल्याकडे फार जुनं आहे. महाराष्ट्र पोलीस कायद्याखाली माणसाला जिल्ह्याबाहेर, दोन वर्षांपर्यंत, घालवता येतं. शिक्षा नाही, खटला नाही, साक्षीदारांची नावं गुप्त. अमरावतीत एका पत्रकाराने माहितीच्या अधिकारात अर्ज करून शिक्षणसंस्थांतल्या सरकारी पैशाच्या गैरवापराच्या तक्रारी लावून धरल्या होत्या. त्याला तडीपार केलं गेलं. ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. त्याच वर्षी जालन्याच्या एका प्रकरणात न्यायालयाने म्हटलं, की तडीपारी हा अपवादाचा उपाय आहे, आणि पूर्ण दोन वर्षांची मुदत द्यायची तर ती का लागते हे हुकमात दिसलं पाहिजे. आमच्याकडचे तडीपारीचे हुकूम पाहा. नाव, गाव, गुन्ह्यांचे क्रमांक बदललेले असतात, बाकी परिच्छेद तेच, कधीकधी आधीच्या माणसाचं नावसुद्धा मधे कुठेतरी राहून गेलेलं. त्या हुकमाची प्रत मिळवणं, ती नीट वाचणं आणि तीस दिवसांच्या आत अपील करणं, हे वकिलाशिवायही कोणी वाचता येणारा शेजारी करून देऊ शकतो.

आपल्या राज्याच्या जनसुरक्षा विधेयकाबद्दल इथे मला आधीच विचारलं गेलं आहे. जुलै २०२५ मध्ये ते दोन्ही सभागृहांत संमत झालं. त्याआधी संयुक्त समितीकडे हजारो सूचना-हरकती गेल्या आणि मसुद्यात काही बदल झाले. माझ्या मते बेकायदा कृत्याची व्याख्या अजूनही ढगळ आहे आणि ढगळ व्याख्या कोणाच्याही मापाची होते. पण ज्यांनी हरकती पाठवल्या त्यांचं काम वाया गेलं असं मी मानत नाही. उद्या हा कायदा न्यायालयात तपासला जाईल तेव्हा, धोका आधीच दाखवून दिला होता, हे त्या हरकतींवरून सिद्ध करता येईल.

शेवटचं उदाहरण असंच आहे. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी लैंगिक अत्याचार केल्याचा खटला झाला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाने सोडून दिलं. मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिने आरडाओरडा केला नव्हता, असं त्यात कारण होतं. सप्टेंबर १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी, उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार यांनी, सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. सरन्यायाधीश तेव्हा यशवंतराव चंद्रचूडच होते. पोलीस ठाण्यात, दोन पोलिसांपुढे, अल्पवयीन गरीब मुलीची ‘संमती’ कशी मानता, असं त्या पत्रात थेट विचारलं होतं. बायकांच्या संघटना रस्त्यावर उतरल्या. निकालाचा फेरविचार झाला नाही. १९८३ मध्ये मात्र कायदा बदलला. कोठडीतला बलात्कार वेगळा गुन्हा झाला, आणि अशा प्रकरणात स्त्रीने संमती नव्हती असं सांगितलं तर न्यायालयाने तसंच धरून चालावं, असं साक्षीच्या कायद्यात आलं. ते दोन पोलीस सुटले ते सुटलेच.

जाता जाता कामाचं बोलतो. मघाशी सांगितलेल्या पत्रकासाठी मी एक माहिती अधिकाराचा अर्ज तयार करून आणला आहे. आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे एकच विषय आणि दीडशे शब्दांत बसवलेला. पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याला तो द्यायचा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. प्रश्न तीन आहेत. जिल्ह्यातल्या कोणत्या ठाण्यांच्या कोठड्यांत हक्कांचं पत्रक लावलेलं आहे, ते कोणत्या भाषांत आहे, आणि ते आरोपीला वाचून दाखवल्याची नोंद कोणत्या रजिस्टरात होते. उत्तराची मुदत तीस दिवस. कोणाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर कायद्यात अठ्ठेचाळीस तासांचीही तरतूद आहे, ती लक्षात ठेवा. प्रती बाहेरच्या टेबलावर आहेत. दोन-दोन घ्या.